फ्लॉवर सोडून ब्रोकोली खावी का?

जिमच्या ट्रेनरनं फ्लॉवर बंद करून ब्रोकोली खायला सांगितलंय, एवढा फरक असतो का, असं तुम्ही विचारलंय. फरक असतो, पण फ्लॉवर बंद करण्याइतका नाही.

दोन्ही भाज्या एकाच जातीच्या, कोबी आणि नवलकोलही त्यातलेच. शंभर ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत सी जीवनसत्त्व साधारण 89 मिलिग्रॅम, फ्लॉवरमध्ये 48. के जीवनसत्त्व तिच्यात 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास, याच्यात 15-16. बीटा कॅरोटीन फ्लॉवरमध्ये जवळपास नाहीच. चोथा आणि फोलेट (एक बी जीवनसत्त्व) उन्नीस-बीस. कोलीन, म्हणजे मेंदू आणि यकृताला लागणारं एक पोषकद्रव्य, मात्र फ्लॉवरमध्येच दुपटीहून जास्त, ते ट्रेनर सांगत नाहीत.

ब्रोकोलीचा गाजावाजा आहे तो सल्फोराफेन नावाच्या गंधकयुक्त घटकामुळे. ते भाजीत आयतं नसतं. चिरताना पेशी फुटल्या की एक विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि मग ते बनतं. हे विकर उष्णतेनं निकामी होतं. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवा, मग तीन-चार मिनिटं वाफवा. उकळून पाणी ओतून दिलंत तर सी जीवनसत्त्वही मोरीत गेलं! आधीच शिजवली असेल तर वरून थोडी मोहरीची पूड घाला, मोहरीत तसलंच विकर असतं. फोडणीतली मोहरी उपयोगाची नाही, ती तापलेली असते. लोणच्याची मोहरीची डाळ घरात असतेच, तीच कुटून घ्या. सल्फोराफेन कॅन्सर रोखतं हे दावे मात्र बरेचसे प्रयोगशाळेतल्या कामावर उभे आहेत, औषध म्हणून खाऊ नका.

आता खिशाचं. आमच्या सांगलीच्या बाजारात ब्रोकोली फ्लॉवरपेक्षा बरीच महाग, आणि पुष्कळदा तुरे पिवळे पडलेली. तसली घेण्यापेक्षा ताजा फ्लॉवर घ्या, जोडीला मेथी नाहीतर शेवग्याचा पाला. के आणि बीटा कॅरोटीन भरून निघतं, सी साठी पेरू आहेच. फ्लॉवरचा कोवळा पाला भाजीवाले तोडून टाकतात, तो मागून घ्या. गड्ड्यापेक्षा त्यात कॅल्शियम कितीतरी जास्त असतं, आणि डाळ घालून भाजी छान होते.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर ब्रोकोली किंवा पालेभाजी डॉक्टरांना न विचारता एकदम वाढवू नका, के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. थायरॉइडचा त्रास असेल तर दोन्ही शिजवूनच खा. गॅस दोन्हींनी होतो, तेव्हा रात्री बेतानं.