जुनं वेब्ली रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, दुकानदार ९०० डॉलर सांगतोय. किंमत रास्त आहे का, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: ओहायोतल्या एका दुकानात वेब्ली मार्क ६ आहे, फ्रेमवर १९१७ चा शिक्का आहे, रंग 'नव्यासारखा काळाभोर' आहे आणि पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला ते होतं, असं दुकानदार सांगतो. मी टेक्सासमध्ये असतो, जुनी ब्रिटिश हत्यारं जमवतो, त्यातही वेब्लीवर जरा जास्तच जीव आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या गोष्टीचा निकाल लावू. कुतला वेढा पडला डिसेंबर १९१५ मध्ये आणि २९ एप्रिल १९१६ ला ब्रिटिशांचा जनरल टाउनशेंड तुर्कांना शरण आला. तिथं अडकलेली सहावी डिव्हिजन पुण्याची, तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या, इथवर सगळं खरं. पण बर्मिंगहॅमला १९१७ साली घडवलेलं रिव्हॉल्व्हर १९१६ च्या वेढ्यात पोचलं कसं? दुकानदार खोटंच बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला कुणीतरी सांगितलं, त्यानं तुमचं आडनाव ऐकून ते तुम्हाला सांगितलं! किस्सा जरूर ऐका, पण त्याचा एक डॉलरही लावू नका. उद्या दुसरा कुणी फ्रेमवर कोरलेलं पलटणीचं नाव दाखवेल, तेव्हा स्पेलिंग बघा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज 'मराठा' लिहिताना 'एम ए'नंतर 'एच' घालत आणि 'टी' दोनदा लिहीत. शिवाय पलटणीच्या नावाआधी नंबर असे, १०३ वी, ११० वी, ११७ वी असा. आजच्या स्पेलिंगात आणि बिननंबराचं नाव दिसलं, तर कोरणारा बहुधा आपल्या काळातला. नाव कोरलेलं आहे आणि त्या माणसाची नोंद कागदोपत्री सापडते, अशा वस्तूला मात्र वरचे पैसे देण्यात काही चूक नाही.

आता वस्तूकडे. हातात आलं की पहिल्यांदा उघडून सहाही घरं रिकामी आहेत का ते बघा, दुकानदारानं आधी दाखवलं असलं तरी. उघडलेलं असतानाच सिलिंडरची मागची बाजू निरखून बघा, कारण या रिव्हॉल्व्हरची निम्मी किंमत तिथंच ठरते. झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी सेवेतून काढलेली वेब्ली अमेरिकेत ढिगानं आली. त्यांची .४५५ ची काडतुसं इथं सहज मिळेनात, .४५ एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस मात्र गल्लोगल्ली. मग सिलिंडरचा मागचा भाग मशीनवर थोडा उतरवायचा आणि .४५ एसीपी अर्धचंद्राकृती क्लिपमध्ये अडकवून वापरायची, अशी युक्ती निघाली. एकदा कापलेला धातू परत येत नाही. संग्राहकाच्या लेखी अशा हत्याराची किंमत बरीच पडते, आणि विक्रेते नेमका तोच दोष 'कन्व्हर्ट केलंय, गोळ्या स्वस्त पडतील' असा गुण म्हणून सांगतात.

ओळखायचं कसं? कापलेल्या सिलिंडरच्या मागच्या तोंडावर बहुतेक वेळा मशीनच्या गोल रेघा दिसतात, किंवा तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा असतो. मग बंद करून बाजूनं उजेडाकडे धरा. न कापलेल्यात सिलिंडर आणि मागची फ्रेम यांच्यात फट जेमतेम असते, कापलेल्यात ती सरळ डोळ्यांत भरते. आणि कापलेलंच घेतलंत, तर फॅक्टरीची पूर्ण ताकदीची .४५ एसीपी त्यातून उडवू नका. तिचा दाब या फ्रेमला झेपेल त्याच्या वर जातो. त्या क्लिपमध्ये काडतूस बसतं म्हणजे ते चालतंच असं नाही.

'नव्यासारखा काळाभोर' हे शब्द वाचूनच मला शंका आली. शंभर वर्षांपूर्वीच्या लष्करी रिव्हॉल्व्हरचा रंग नळीच्या तोंडाशी आणि कडांवर उडालेला असायलाच हवा, कातडी म्यानात घासून घासून तो तिथंच आधी जातो. रंग नव्यानं चढवताना आधी पॉलिश मारावं लागतं, आणि पॉलिश सगळं सांगून टाकतं: अक्षरांच्या कडा गुळगुळीत होतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगट भाग तयार होतो, सपाट पृष्ठभाग कडेला लवतो. भिंग घेऊन जा आणि 'वेब्ली' या अक्षरांवर धरा. नंतर कुणीतरी निकेल चढवलेलं असेल तर विषयच संपला. सैन्याच्याच कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी दिलेला रंग मात्र मी तितका वाईट मानत नाही, तो त्या हत्याराच्या नोकरीचाच भाग आहे.

नंबर जुळतात का बघा, फ्रेमवरचा आणि सिलिंडरवरचा. न जुळणाऱ्याचे मी तरी पूर्ण पैसे देणार नाही. मुठीच्या काळ्या व्हल्कनाइटच्या (कडक रबराच्या) पट्ट्या आणि खालची दोरीची कडी मूळची आहे का, हेही त्याच नजरेत उरकून घ्या.

यंत्राची तपासणी परवानगी मागून करा, काही दुकानदारांना रिकामा घोडा पाडलेला खपत नाही. घोडा अंगठ्यानं धरून सावकाश सोडत चाप पूर्ण ओढून ठेवा. त्या स्थितीत सिलिंडर डुलायला नको. मग एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून हलकेच हलवून बघा. वेब्ली मधोमध मोडून उघडतं, त्यामुळे बिजागरी आणि वरची कडी यांची झीज हा त्याचा जुना आजार. नळीत टॉर्च मारा. त्या काळच्या काडतुसांच्या प्रायमरमधून (बार पेटवणाऱ्या टोपीतून) क्षार मागे राहायचे, ते हवेतलं पाणी ओढत. गरम पाण्यानं धुतलं नाही की नळी आतून खड्ड्याखड्ड्यांची होई. थोडे खड्डे चालतील, नळीच्या आतले पिळदार आटेच दिसेनासे झाले असतील तर घासाघीस करा.

भाव बघताना मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा. गनब्रोकर या हत्यारांच्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर पूर्ण झालेले लिलाव शोधता येतात. मोठ्या लिलावघरांत बोलीच्या वर खरेदीदाराकडून प्रीमियम घेतात, तुलना करताना तो धरला आहे की नाही ते तपासा. 'ब्लू बुक' या हत्यारांच्या किमतींच्या पुस्तकात उरलेल्या मूळ रंगाच्या टक्क्यांवर किंमत दिलेली असते. ती अंदाजापुरती ठीक, कारण ८० टक्के आणि ९० टक्के यांतला फरक विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कधीच सारखा दिसत नाही.

माझं मत विचाराल तर न कापलेलं, जुळत्या नंबरांचं, मूळ रंगाचं असेल तर ९०० ला मी फार खळखळ करणार नाही. रंग नवा असेल तर बरंच खाली उतरवेन. कापलेलं आणि वर रंगवलेलं असेल, तर दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडेन.

कुणी विचारेल म्हणून: हा हिशेब भारतात लागू नाही. तिथं १९५९ च्या शस्त्र कायद्याचा परवाना लागतो, एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असा बदल २०१९ मध्ये झाला, आणि परदेशी जुन्या रिव्हॉल्व्हरला तिथं जो भाव येतो तो आयात बंद असल्यामुळे येतो. तेव्हा पुण्याच्या काकांनी सांगितलेला आकडा ओहायोत वापरू नका.

ओहायोला गाडी काढण्याआधी दुकानदाराकडून तीन फोटो मागवा: उघड्या सिलिंडरची मागची बाजू, बंद असताना बाजूनं घेतलेली फट, आणि फ्रेमवरच्या अक्षरांचा जवळून घेतलेला. ते इथं टाकलेत तर मी बघून सांगतो.