वाचकांचे प्रश्न : कराराविना काडीमोड

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के ब्रिटिश मतदारांनी युरोपीय महासंघ सोडण्याचा कौल दिला. २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापार करार ठरला. मधली साडेचार वर्षे ‘नो डील’, म्हणजे कराराविना बाहेर पडण्याची टांगती तलवार ब्रिटनच्या डोक्यावर होती. त्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

कराराविना बाहेर पडणे म्हणजे नेमके काय? शेवटी करार झालाच, मग धोका टळला ना?

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला करार वेगळे होण्याचा: ब्रिटनने द्यायची सुमारे ३९ अब्ज पौंडांची देणी, एकमेकांकडे राहणाऱ्या नागरिकांचे हक्क, आयर्लंडची सीमा आणि मुख्य म्हणजे संक्रमणकाळ, म्हणजे बाहेर पडल्यावरही काही महिने जुनेच नियम चालू राहण्याची मुभा. हा करार न होता बाहेर पडण्याची मुदत आधी २९ मार्च २०१९ होती, मग १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर. अखेर करारासह ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले. दुसरा करार पुढच्या व्यापाराचा, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०.

आमच्या मते २०१९ चा धोका कितीतरी मोठा होता. तेव्हा संक्रमणकाळच मिळाला नसता. रात्री अकरा वाजेपर्यंत लागू असलेले महासंघाचे करार अकरा वाजून एक मिनिटाने ब्रिटनसाठी संपले असते.

२०२० च्या कराराने आयातशुल्क टळले, सीमा टळली नाही. कस्टम्सची कागदपत्रे, पशुवैद्यकीय दाखले, तपासणी हे सगळे करार असूनही आले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनची महासंघाकडे होणारी वस्तूंची निर्यात आधीच्या महिन्याच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. त्यात कोविडचा आणि आधी करून ठेवलेल्या साठ्याचाही वाटा होता, आणि पुढच्या महिन्यांत आकडा बराच सावरला. तरी शून्य शुल्क असताना हे घडले, हे ध्यानात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

जगातले कितीतरी देश जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांवर व्यापार करतात. मग ब्रिटनचे काय बिघडले असते?

आधी शुल्काचे पाहू. संघटनेचा मूळ नियम ‘सर्वाधिक पसंतीचे राष्ट्र’ हा. व्यापार करार नसलेल्या सगळ्या सदस्य देशांना एकच दर लावायचा. त्यामुळे महासंघाने मनात आणले असते तरी ब्रिटनला एकट्याला सवलत देता आली नसती. हे दर सरसकट जड नाहीत, बऱ्याच औद्योगिक मालावर ते किरकोळ आहेत. पण जिथे जड आहेत तिथे धंदाच बसतो. मोटारीवर १० टक्के. कपड्यांवर साधारण १२ टक्के. चेडर चीजवर १०० किलोमागे १६७.१ युरो. मेंढीच्या ताज्या मांसावर, म्हणजे अखंड धडावर, १२.८ टक्के आणि शिवाय १०० किलोमागे १७१.३ युरो.

या शेवटच्या दराचा हिशेब करून पाहा. समजा २० किलोचे धड ५ युरो किलोने विकले, म्हणजे किंमत १०० युरो. त्यावर १२.८ युरो टक्केवारीचे, ३४.२६ युरो वजनाचे, एकूण ४७.०६ युरो शुल्क. माल जितका स्वस्त तितका वजनाचा भाग जास्त बोचतो. ब्रिटनच्या मेंढीमांसापैकी साधारण एक तृतीयांश निर्यात होते आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक महासंघात जाते. ते मांस देशातच उरले असते तर भाव कोसळला असता, आणि त्याचा फटका निर्यात न करणाऱ्या मेंढपाळालाही बसला असता. वेल्सच्या डोंगराळ भागात मेंढीला दुसरा पर्याय नाही, तिथे दुसरे फारसे काही पिकत नाही.

पण शुल्क हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. संघटनेचे नियम शुल्काला कमाल मर्यादा घालतात आणि भेदभाव रोखतात, परवानगी देत नाहीत. मांस, दूध, अंडी महासंघात पाठवायची तर आधी तुमचा देश त्यांच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत हवा. यादीत नाव नसेल तर शुल्क किती हा प्रश्नच उरत नाही, मालच आत जात नाही. ट्रकचालकाला परदेशी रस्त्यावर माल वाहण्याचा परवाना लागतो. करार नसेल तर आंतरराष्ट्रीय कोट्यातले मोजके परवाने उरतात आणि ते गरजेच्या मानाने फारच थोडे होते. विमान वाहतूक तर या संघटनेच्या चौकटीत जवळजवळ येतच नाही, तिथे मागे टेकायला भिंतच नाही. ‘अमेरिका युरोपशी फक्त या नियमांवर व्यापार करते’ असे तेव्हा वारंवार सांगितले गेले. ते खरे नाही. विमानसेवेचा २००७ चा करार, मालाच्या चाचण्या परस्पर मान्य करण्याचा १९९८ चा करार आणि असे अनेक छोटे करार त्या दोघांत आहेत. महासंघाशी ब्रिटनचा असा एकही करार उरला नसता.

गॅट, म्हणजे संघटनेचा वस्तूंच्या व्यापाराचा मूळ करार, त्याच्या २४ व्या कलमाखाली काही वर्षे शून्य शुल्क चालू ठेवता येईल, असाही एक दावा होता. त्या कलमासाठी दोन्ही बाजूंनी मान्य केलेला अंतरिम करार आणि पुढचे वेळापत्रक लागते. करार नाही म्हणून करारासाठीचे कलम वापरायचे, हे जुळत नाही.

डोव्हर बंदरात ट्रकमागे दोन मिनिटे जास्त लागल्याने एवढे काय बिघडते?

फ्रान्ससमोरच्या डोव्हरहून गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत ट्रक ये-जा करतात. ट्रक फेरीत चढतो, दीड तासात फ्रान्समधल्या कॅलेला उतरतो आणि थेट रस्त्याला लागतो. जवळच्या समुद्राखालच्या बोगद्यातून गेला तर ३५ मिनिटे. फेलिक्सस्टोसारख्या कंटेनर बंदराशी याची तुलना करू नये. तिथे जहाज कित्येक आठवडे समुद्रात असते आणि तेवढ्यात कागद पूर्ण होतात, शिवाय माल उतरवून ठेवायला यार्ड असते. डोव्हरच्या मागे उंच कडे आहेत, ट्रक उभे करायला जागाच नाही. म्हणून ट्रकमागे दोन मिनिटांचा उशीर झाला तर १७ मैलांची रांग लागेल, असा बंदराचाच अंदाज होता. ती रांग केंट परगण्यातल्या एम-२० महामार्गावर उभी राहते.

आता एका ट्रकला काय काय लागले असते ते पाहा. निर्यातदाराचा ईओआरआय, म्हणजे कस्टम्सकडचा नोंदणी क्रमांक. मालाचा वर्गीकरण संकेतांक. ब्रिटनचे निर्यात घोषणापत्र. सुरक्षेसाठी वेगळे घोषणापत्र. फ्रान्सचे आयात घोषणापत्र, किंवा माल पुढे जाणार असेल तर हमी रकमेसह ट्रान्झिटचा टी-१ कागद. हे सगळे ट्रक बंदरात पोचण्याआधी हवे, कारण फ्रान्सच्या नव्या पद्धतीत घोषणापत्राचा बारकोड ट्रकच्या नंबरप्लेटशी चढतानाच जोडतात. फेरी समुद्रात असताना संगणक ठरवतो: हिरवा आला तर सरळ बाहेर, नारिंगी आला तर कस्टम्सच्या आवारात. प्राणिजन्य माल असेल तर प्रत्येक खेपेला अधिकृत पशुवैद्याच्या सहीचा दाखला, आगाऊ सूचना आणि सीमा चौकीवर तपासणी. ज्या लाकडी पॅलेटवर माल रचला आहे तेही सुटत नाही. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवलेले आणि तसा शिक्का मारलेले हवे. हा शिक्का नाही म्हणून बाकी सगळे कागद ठीक असलेला ट्रक परत येऊ शकतो.

सर्वांत जास्त बिघडते ते अनेकांचा माल एकत्र नेणाऱ्या ट्रकमध्ये. एका ट्रकमध्ये वीस जणांचा माल आहे आणि एकाच्या दाखल्यात खाडाखोड आहे, तर उरलेले एकोणीसही अडकतात. जानेवारी २०२१ मध्ये स्कॉटलंडच्या मासे निर्यातदारांचे नेमके हेच झाले, तेही करार असताना. जिवंत खेकडा कागदासाठी थांबत नाही.

सरकारला हे ठाऊक होते. ११ सप्टेंबर २०१९ ला प्रसिद्ध झालेल्या ‘यलोहॅमर’ या सरकारी कागदात म्हटले होते की, वाईटात वाईट शक्यता धरली तर पहिल्या दिवशी ५० ते ८५ टक्के ट्रक फ्रान्सच्या कस्टम्ससाठी तयार नसतील, वाहतूक नेहमीच्या ४० ते ६० टक्क्यांवर येईल आणि ट्रकला जास्तीत जास्त दीड ते अडीच दिवस थांबावे लागेल.

तारीख आधीच ठाऊक होती, मग कारखान्यांनी आणि दुकानांनी भरपूर साठा का केला नाही?

केला. त्यातूनच एक महागडा धडा मिळाला. २९ मार्च २०१९ च्या धास्तीने अनेक मोटार कंपन्यांनी उन्हाळ्यातली देखभालीची सुट्टी एप्रिलमध्ये ओढली. तारीख पुढे गेली, पण सुट्टी परत ढकलता आली नाही. त्या एप्रिलमध्ये ब्रिटनचे मोटार उत्पादन आधीच्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ४४.५ टक्क्यांनी घटले. ब्रिटन अजून महासंघातच होते, शुल्क नव्हते, तरी निम्म्याजवळ उत्पादन गेले.

साठ्याला गोदाम लागते, भांडवल अडकते आणि नाशवंत माल टिकत नाही. ३१ ऑक्टोबरची तारीख तर नाताळच्या तोंडावर आली, तेव्हा गोदामे आधीच भरलेली असतात. औषध कंपन्यांना सरकारने सहा आठवड्यांचा जादा साठा ठेवायला सांगितले होते, पण काही औषधांची मुदतच इतकी कमी असते की साठा करता येत नाही.

पौंड घसरला की निर्यात स्वस्त होते. मग १० टक्के शुल्काची भरपाई आपोआप होत नाही का?

थोडीफार होते. सार्वमताच्या निकालाच्या दिवशी पौंड डॉलरमागे आठ टक्क्यांहून अधिक पडला होता, आणि त्या काळात निर्यातदारांच्या हाती जास्त पौंड आले हे खरे. पण ब्रिटनमध्ये बनलेल्या मोटारीत मूल्याने जेमतेम ४४ टक्के भाग देशी होते. उरलेले आयात होतात आणि पौंड पडला की तेच महागतात. मिनी मोटारीचा क्रँकशाफ्ट पाहा: फ्रान्समध्ये ओतला जातो, वॉरिकशायरला घासून-भोके पाडून तयार होतो, म्युनिकला इंजिनात बसतो आणि ऑक्सफर्डला गाडीत. तीनदा इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या भागावर दर वेळी कागद आणि दर वेळी थांबा.

त्या ४४ टक्क्यांत आणखी एक मेख आहे. इतर देशांशी केलेल्या व्यापार करारांत शून्य शुल्क हवे तर मोटारीत साधारण ५५ टक्के मूल्य ‘आपले’ असावे लागते. महासंघात असताना जर्मन भागही आपलेच गणले जात. बाहेर पडल्यावर, ते गणण्याची मुभा वेगळी मिळाली नाही, तर तिसऱ्याच देशातली सवलतही हातची जाते.

आयर्लंडच्या सीमेवर ब्रिटनने तपासणी केलीच नसती तर?

ब्रिटनचा उत्तर आयर्लंड आणि महासंघातला आयर्लंड यांच्यातली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, तिच्यावर दोनशेहून अधिक रस्ते आणि १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर मोठ्या कष्टाने आलेली शांतता. तिथे चौकी बसवायची इच्छा कोणालाच नव्हती. पण एका सीमेवर शुल्क माफ केले तर ‘सर्वाधिक पसंती’च्या नियमाने इतर देशही तेच मागू शकतात. आणि ब्रिटनने डोळेझाक केली तरी दुसऱ्या बाजूला आयर्लंडला महासंघाचे नियम पाळावेच लागले असते. उत्तर आयर्लंडचे कोट्यवधी लिटर दूध दरवर्षी प्रक्रियेसाठी दक्षिणेत जाते. ते दूध एका रात्रीत परदेशी ठरले असते, आणि गाय दूध द्यायची थांबत नाही.

कराराविना बाहेर पडल्यास आठ टक्के नुकसान, असा आकडा वाचला होता. तो कितपत खरा?

तो ब्रिटनच्या मध्यवर्ती बँकेचा, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा, नोव्हेंबर २०१८ चा. गोंधळात बाहेर पडल्यास अर्थव्यवस्था आठ टक्क्यांनी आकुंचन पावेल, बेरोजगारी ७.५ टक्के, महागाई ६.५ टक्के आणि घरांच्या किमती ३० टक्क्यांनी खाली. हे भाकीत नव्हते. बँकांचे भांडवल सर्वांत वाईट प्रसंगात टिकेल का, हे तपासण्यासाठी घेतलेली परिस्थिती होती, आणि वृत्तपत्रांनी तिला भाकीत म्हणून छापले. आम्हाला नोव्हेंबर २०२० चा, अर्थसंकल्पावर देखरेख करणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा आकडा जास्त उपयोगी वाटतो: करार झाला तरी दीर्घ काळात उत्पादकता सुमारे चार टक्क्यांनी कमी, आणि करार नसेल तर पहिल्या वर्षी आणखी दोन टक्क्यांचा फटका.

अशा वेळी ब्रिटनमधल्या छोट्या निर्यातदाराने आधी काय करायला हवे होते?

क्रम महत्त्वाचा. ईओआरआय क्रमांक फुकट आणि झटपट मिळतो, तो पहिला. मग वर्गीकरणाचा संकेतांक पक्का करणे, कारण शुल्क, दाखले, मूळ देशाचा नियम सगळे त्यावर ठरते आणि चुकीचा संकेतांक पुढे प्रत्येक कागदात उतरतो. तिसरे, क्लिअरिंग एजंट. इथे उशीर केलेल्यांना एजंट मिळालेच नाहीत, कारण फक्त महासंघाशी व्यापार करणाऱ्या लाखो कंपन्यांनी त्याआधी घोषणापत्र कधी भरलेच नव्हते.

चौथी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली: विक्रीच्या अटी. ‘शुल्कासह दारात पोच’ अशी अट असेल तर महासंघातला आयातदार तुम्हीच ठरता. पण तिथे तुमचे कार्यालय नसेल तर तुम्ही आयात घोषणापत्र स्वतःच्या नावाने भरू शकत नाही. तुमच्या वतीने, स्वतःच्या जबाबदारीवर सही करणारा तिथला प्रतिनिधी लागतो आणि तो त्यासाठी हमी मागतो. जुन्या करारपत्रातली ही एक ओळ वेळीच बदलून आयात ग्राहकाच्या नावावर टाकली, तर ट्रक निघतो.