मुलीचा प्रबंध आणि तंबोऱ्याची खुंटी

प्रश्न : सर, माझी मुलगी इंदूरला भौतिकशास्त्रात पीएचडी करते. विषय विचारला की म्हणते, ‘ग्राफीनचं ट्यूनेबल प्लाझ्मॉनिक मेटामटेरियल’. मी घरी गाणं शिकवते, विज्ञान दहावीनंतर सुटलं. ती समजावते, मी मान डोलावते, पण ‘ट्यून’ या शब्दापलीकडं काही पोचत नाही. ती नक्की काय करते?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, जो शब्द तुमच्यापर्यंत पोचला, तोच त्या नावातला सगळ्यात मोलाचा. बाकीचे तीन त्याच्याच आधारानं उलगडतील.

आधी प्लाझ्मॉन. सोन्याचांदीत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. कण अगदी बारीक असेल तर प्रकाश पडल्यावर हे इलेक्ट्रॉन हलवलेल्या घागरीतल्या पाण्यासारखे एकजुटीनं हिंदकळतात. त्या हिंदकळण्याचा ठरलेला स्वर असतो आणि तो डोळ्यांना रंग म्हणून दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन काचेचा पेला आहे. बाहेरून उजेड पडला की हिरवा, आत दिवा ठेवला की लाल. काचेत सोन्याचांदीचे कण आहेत म्हणून. पण रंग घडवतानाच ठरला. टाळ एकदा ओतला की त्याचा स्वर ठरतो, तसंच हे.

मेटामटेरियल म्हणजे लहरीच्या लांबीपेक्षा लहान अशा नक्षीची रांगच रांग. लहरीला सुटी नक्षी दिसत नाही, नव्या गुणांचा एकसंध पदार्थ भेटतो. जगदीशचंद्र बसूंनी १८९८ मध्ये तागाच्या धाग्यांना पीळ देऊन विद्युतचुंबकीय लहरींच्या कंपनाची दिशा फिरवून दाखवली होती. ताग तोच, गुण पिळाचा. या विषयावर बोलताना बसूंचं नाव राहून जातं, याची मला फार खंत वाटते.

आता ग्राफीन. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एकच अणू जाडीचा थर. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो साध्या चिकटपट्टीनं सोलून वेगळा केला, २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मी वर्गात पेन्सिलीची भुकटी चिकटपट्टीवर घेऊन, पट्टी दुमडून, पुन्हा पुन्हा सोलून दाखवायचो. दर वेळी करडा डाग फिका होत जातो आणि मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढं येतात.

खरी गोम इथंच आहे. सोन्यात इलेक्ट्रॉन इतके गच्च भरलेले असतात, की विजेचा दाब देऊन थोडे वाढवले तरी फरक जाणवत नाही. ग्राफीनमध्ये ते मोजके. खाली सिलिकॉन, मध्ये काचेसारखा पातळ थर, वर ग्राफीन, अशी रचना करून व्होल्टेज दिलं की त्यांची संख्या हवी तशी कमीजास्त होते. म्हणजे टाळाला खुंटी बसली!

२०११ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटानं ग्राफीनच्या १ ते ४ मायक्रोमीटर रुंदीच्या पट्ट्या ओळीनं कापल्या आणि त्यांचा स्वर टेराहर्ट्‌झ पट्ट्यात, म्हणजे सूक्ष्मलहरी आणि अवरक्त प्रकाश यांच्या मधल्या लहरींत, हवा तसा सरकवून दाखवला. पट्टीची रुंदी म्हणजे तुमच्या तारेची लांबी, व्होल्टेज म्हणजे खुंटी. हिशोब मात्र वेगळा. तार एक सप्तक चढवायला ताण चौपट लागतो, इथं इलेक्ट्रॉन सोळा पट लागतात. रुंदी चौथाईवर आणली तरी एकच सप्तक चढतं. म्हणून मोठी झेप कापतानाच साधायची आणि व्होल्टेजनं, तंबोऱ्याच्या तारेतल्या मण्यानं करतो तसं, नेमकं जुळवायचं.

जुळवून करायचं काय? प्रथिनांचे रेणू अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या अलीकडच्या न दिसणाऱ्या, प्रकाशात आपापल्या ठरलेल्या स्वरांत कंप पावतात. ग्राफीन त्या स्वराला लावलं की चिमूटभर प्रथिनही ओळखू येतं. २०१५ मध्ये हे करून दाखवलं गेलं. मेटामटेरियलच्या नावानं येणाऱ्या, अदृश्य करणाऱ्या झग्याच्या बातम्यांपेक्षा मला हे काम कितीतरी मोठं वाटतं.

अडचण नादाची आहे. तंबोऱ्याची तार छेडल्यावर किती वेळ घुमते! ग्राफीनमधलं हिंदकळणं थोड्याच आवर्तनांत विझतं. इलेक्ट्रॉन अशुद्धींवर आणि पट्टीच्या खडबडीत कडेवर आपटतात. बोरॉन नायट्राइड या सपाट, वीज न वाहणाऱ्या स्फटिकाच्या दोन थरांमध्ये ग्राफीन दाबून ठेवलं तर नाद लांबतो. शिवाय हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन ग्राफीनवर बसून विद्युतभार बदलतात, म्हणजे खुंटीला हात न लावता स्वर हलतो. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे गवसणी काढल्यावर तंबोरा कसा निघतो, ते तुम्हाला सांगायला नको. तुमची मुलगी कितीतरी रात्री त्याच वैतागात काढत असणार.

पुढच्या खेपेला ती घरी आली की तंबोरा समोर घेऊन बसा आणि विचारा, ‘तुझ्या पट्टीची कड किती साफ कापली जाते, आणि नाद किती आवर्तनं टिकतो?’