वाचकांचे प्रश्न : ‘तुमची चुकलेली केस सांगा’

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझं वय ४५. पंधरा वर्षं महापालिकेच्या रुग्णालयात मेडिसिनमध्ये आहे, त्यातली शेवटची आठ आयसीयूत. आता मुंबईतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयातून आयसीयू प्रमुखपदासाठी बोलावणं आलंय. शेवटची मुलाखत लेक्चररच्या जागेसाठी दिली होती, ती दहा मिनिटांत आटोपली. या वेळी पाच जण असतील म्हणे. रोज रात्री जाड पुस्तकं काढून बसतो. नक्की काय विचारतील?
– एक डॉक्टर, ठाणे

उत्तर : पुस्तकं मिटा. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) पहिल्या तासात काय करायचं हे तुम्हाला येतं, असं धरूनच त्यांनी बोलावलंय. मी भूलतज्ज्ञ. आधी परळला, मग ट्रस्टच्या रुग्णालयात आयसीयू सांभाळलं आणि नंतर निवड समितीवरही बसले. तिथे बसल्यावर कळतं की आपण या माणसाचं ज्ञान तपासत नसतो. वाईट रात्री हा कसा वागेल, ते शोधत असतो.

समितीत बहुधा मेडिकल डायरेक्टर, दुसऱ्या विभागाचे प्रमुख, नर्सिंग सुपरिंटेंडेंट, एचआरचं कुणीतरी आणि एखादे ट्रस्टी असतात. सुपरिंटेंडेंट फारशा बोलल्या नाहीत तरी त्यांच्याकडे बघून उत्तरं द्या. आमच्याकडे एका अतिशय हुशार उमेदवाराने पाऊण तासात त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, “रात्री तीनला माझ्या सिस्टरने फोन केला तर हे काय बोलतील?” त्या नावावर पुढे चर्चा झालीच नाही.

एक प्रश्न हमखास येतो : तुमची चुकलेली केस सांगा. २००८ साली एका मोठ्या रुग्णालयात मला तो आला आणि मी म्हणाले, “तसं काही आठवत नाही.” आठवत होतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला सीटी स्कॅनला नेताना लिफ्टमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर संपला होता. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, बरोबर होती म्हणून पेशंट वाचला. निघण्यापूर्वी मीटर मी स्वतः बघायला हवा होता, बघितला नव्हता. शरमेने मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मला ती जागा मिळाली नाही, आणि आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. पुढच्या मुलाखतीत मी सगळं सांगितलं : त्या क्षणी काय केलं, त्याच्या बायकोला त्याच संध्याकाळी कोणत्या शब्दांत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पेशंट हलवण्याआधी भरायचा कागद कसा सुरू केला, ज्यावर डॉक्टर आणि सिस्टर दोघांची सही लागते. त्यानंतर समितीने अर्धा तास त्या कागदाबद्दलच विचारलं.

तुमचीही अशी एक केस असणार. ती निवडा आणि मोठ्याने बोलून बघा. “रेसिडेंट नवीन होता” हे वाक्य तोंडातून येत असेल तर पुन्हा सुरुवात करा. आणि महापालिकेत आपल्या सगळ्यांना लागलेली सवय, ‘आम्ही हे केलं, आमच्या युनिटने ते केलं’, तेवढ्या दिवसापुरती सोडा. युनिटचं श्रेय युनिटला द्याच, पण त्यात तुमचे हात कुठे होते ते ‘मी’ म्हणून सांगा.

मग येतात प्रसंग. मेंदूमृत्यूचा जवळजवळ नक्की येईल : चार डॉक्टरांची समिती, किमान सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या, मुंबईत पुढचा समन्वय अवयवदानाचं काम बघणाऱ्या झेडटीसीसी या केंद्राकडे. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. खरा प्रश्न असतो तो नातेवाइकांशी बोलण्याचा क्रम. मृत्यूची गोष्ट आधी, पूर्ण, आणि अवयवदानाची नंतर, वेगळी. दुसरा प्रसंग पैशाचा : रात्री अत्यवस्थ पेशंट आला, जवळ काही नाही, काउंटर अनामत मागतोय. १९८९च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जीव वाचवणं आधी. शिवाय धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना आहे : दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. ट्रस्टी समोर असताना हे स्पष्ट बोलायला कचरू नका. तुम्ही महापालिकेतून येताय, तुमच्याकडून हे ऐकण्याची त्यांनाही अपेक्षा असते.

कागदांचं थोडक्यात : एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाची राष्ट्रीय) मान्यता असलेल्या रुग्णालयात कोणती प्रक्रिया तुम्ही स्वतः करू शकता याची यादी मंजूर होते. ट्रेकिऑस्टॉमी, ब्राँकोस्कोपी वगैरे मागच्या तीन वर्षांत किती केल्या ते आकडे रजिस्टरमधून काढून ठेवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना, ते आजच बघा.

आणि तुम्हीही विचारायचं आहे. पेशंटवर अंतिम शब्द कुणाचा, आयसीयूच्या डॉक्टरचा की ज्यांच्या नावावर तो दाखल झाला त्या कन्सल्टंटचा? खासगीत अनेक ठिकाणी तो कन्सल्टंटचा असतो, आणि प्रमुखपद घेऊनही हात बांधलेले राहतात. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर रात्रपाळीलाही असते का? यावर उत्तर गुळमुळीत आलं तर, जमल्यास, होकार देण्यापूर्वी एकदा रात्री दहानंतर ते आयसीयू पाहण्याची परवानगी मागा. मी मागितली होती, मिळाली, आणि तिथल्या सिस्टर इन्चार्जशी वीस मिनिटं बोलून मी निर्णय घेतला.

प्रश्न : मी अस्थिशल्यविशारद आहे. मुलाखतीत विचारलं, “महिन्याला किती पेशंट आणाल?” मी गप्प झाले. पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी आहे. काय सांगू?
– बोरिवली

उत्तर : खरं सांगा. ओपीडीत महिन्याला किती बघता, त्यातली किती ऑपरेशनं होतात, एवढंच. फुगवलेला आकडा पुढे मिनिमम गॅरंटीच्या (दरमहा ठरलेली किमान रक्कम देण्याच्या) करारात तुमच्याच मानेवर बसतो : ठरलेली मुदत संपली की रक्कम कमी होते आणि आकडा गाठण्यासाठी गरज नसलेला गुडघा बदलण्याचा दबाव येतो. पेशंट पाठवणाऱ्यांना काही द्यायचा विषय निघाला तर तिथेच नाही म्हणा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनी कमिशन देणं आणि घेणं दोन्हीला बंदी आहे. दुसऱ्या फेरीला जाताना कराराचा मसुदा आधी मागवून घ्या. गॅरंटी किती महिन्यांची, त्यानंतर हिशेब कसा, आणि सोडायचं झाल्यास नोटीस किती, ही तीन कलमं पेन्सिलने खूण करून सोबत न्या.