अमेरिकेत छोट्या दुकानात एकच माणूस कामावर ठेवला, तरी सरकारला कळवावं लागतं का?

हो, एकच असला तरी. 1996च्या केंद्रीय कायद्यानुसार रुजू झाल्यापासून 20 दिवसांत त्याचं नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) आणि रुजू तारीख राज्याला कळवायची. काही राज्यांत मुदत याहून कमी आहे. राज्य ती माहिती राष्ट्रीय नोंदवहीत पाठवतं आणि मुलांच्या पोटगीच्या केसेसशी ती ताडून पाहिली जाते. राज्य बदलून, नवी नोकरी धरून पोटगी चुकवणारा बाप (किंवा आई) इथे सापडतो. मग तुमच्याकडे पगारातून कपातीचा आदेश येतो. तो आला म्हणून माणसाला कृपा करून काढू नका. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याचा पगारच थांबला तर त्या लेकराला काय मिळणार?

पगाराचा हिशेब बाहेरची पेरोल कंपनी पाहत असेल तर हे कोण कळवतं, ते आजच विचारून घ्या.