म्युनिकच्या ऑफरवर सही करण्याआधी

तू विचारलंयस: हिंजवडीतल्या ऑफिसात मॅनेजर सगळ्यांसमोर पाणउतारा करतो, 'लग्न झालं की तुम्ही जाणारच' म्हणून प्रमोशन टाळतो. आता म्युनिकच्या चाळीसेक माणसांच्या कंपनीची ऑफर आली आहे. तिथं तरी असं नसेल ना ताई, आणि असलंच तर व्हिसावर असताना बाहेर कसं पडायचं? मी नऊ वर्षं स्टुटगार्टला आहे आणि इथली पहिली नोकरी मी नेमकी याच कारणानं सोडली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथंही असतं. फक्त आवाज चढत नाही, म्हणून ओळखायला वेळ लागतो. आमच्या मीटिंगा इंग्रजीत सुरू व्हायच्या, पण मी प्रश्न विचारला की बोलणं जर्मनवर जायचं. मीटिंगचं टिपण दर वेळी माझ्याकडे, कारण 'तू किती नीटनेटकं लिहितेस'. आठव्या महिन्यात मी केलेला टेस्ट रिपोर्ट स्क्रीनवर आला, तर खालचं माझं नाव गेलेलं. विचारलं तेव्हा टीम लीड म्हणाला, 'तू फार मनाला लावून घेतेस.' मी ते खरं मानलं. त्या दिवसांत मी सकाळच्या ट्रेनमध्ये मीटिंगमध्ये बोलायचं वाक्य कागदावर लिहून पाठ करायचे. रविवारी दुपारी चार वाजले की पोटात गोळा यायचा, आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर आईला 'सगळं मस्त चाललंय' म्हणायचे. आईपासून लपवायला लागलीस की तिथंच थांबून विचार कर.

एक मात्र लक्षात ठेव. जर्मन माणूस 'हे चुकलंय' असं तोंडावर, कोरडेपणानं सांगतो. तो अपमान नाही. काम दुरुस्त झालं की विषय संपतो का, आणि इतरांनाही तो तसंच सांगतो का, एवढं बघ. काम दुरुस्त होऊनही बोट तुझ्याकडेच राहत असेल, तर ती जागा वाईट आहे.

आता बाहेर पडण्याचं. आपल्याकडे नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड अंगवळणी पडलेला असतो. इथं प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, जास्तीत जास्त 6 महिने असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर तू निघू शकतेस. तेही तुला तितक्याच दिवसांत काढू शकतात, तेव्हा तोवर हाताशी चार महिन्यांचा खर्च असू दे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, पहिल्या 12 महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. ते 30 दिवसांपर्यंत बदल थांबवून तपासू शकतात आणि ब्लू कार्डच्या अटी बसत नसतील तर नाकारूही शकतात. 12 महिन्यांनंतर तू मोकळी. माझ्या वेळी दोन वर्षं परवानगी लागायची, त्या भीतीनंच मी जास्त काळ सोसलं. 'नोकरी सोडली की दुसऱ्या दिवशी विमानात' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पण आधी दुसरा करार हातात घे आणि मगच राजीनामा दे, कारण इथं स्वतःहून सोडलं तर बेकारभत्ता साधारणपणे 12 आठवडे रोखतात.

पुरावा जमवताना भारतातली सवय इथं महागात पडेल. समोरच्याच्या नकळत बोलणं रेकॉर्ड करणं जर्मनीत गुन्हा आहे. ऑफिसच्या मेल स्वतःच्या खात्यावर पाठवल्यास तेही अंगाशी येऊ शकतं. त्यापेक्षा वही ठेव. तारीख, वेळ, कोण होतं, नेमके शब्द काय, हे त्याच संध्याकाळी घरी लिही. मी लिहिलेली अकरा पानं पुढे फार कामी आली. आपल्याकडे लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती लागते. तशी समिती इथं शोधू नकोस. इथं 2006 चा समान वागणुकीचा कायदा आहे आणि त्याखाली प्रत्येक कंपनीत तक्रार घेणारी जागा असावी लागते. भेदभावाची भरपाई मागायची तर दोन महिन्यांच्या आत लेखी मागावी लागते. बेट्रीब्सराट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती, असेल तर आधी तिच्याकडे जा. पाच माणसांच्या कंपनीतही ती निवडता येते, पण बऱ्याच छोट्या कंपन्यांत ती नसते. मुलाखतीत सरळ विचार, उत्तरावरून बरंच कळेल. 'फेअर इंटिग्रेशन' ही केंद्रं कामगार कायद्याचा सल्ला फुकट देतात, तेही अनेक भाषांत.

माझ्या बाबतीत शेवटी असं झालं. शुक्रवारी दुपारी मला खोलीत बोलावलं आणि दोन पानं पुढे सरकवली. आउफहेबुंग्सफरट्राग, म्हणजे दोघांच्या संमतीनं नोकरी संपवण्याचा करार. 'आज सही केलीस तर चांगलं प्रमाणपत्र देऊ.' माझा हात पेनकडे गेलाही होता. पण मी 'घरी वाचून सांगते' एवढंच म्हणून उठले. त्या सहीनंही भत्ता रोखला जातो आणि ती परत घेणं जवळजवळ अशक्य असतं. दरम्यान मी डॉक्टरकडे गेले. आजारपणात 6 आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो आणि आजार कोणता हे मालकाला कळत नाही. झोप परत आली, मग मुलाखती दिल्या. दहा आठवड्यांत दुसरी नोकरी मिळाली आणि राजीनामा मी स्वतः, कागदावर सही करून दिला. इथं ईमेलवरचा राजीनामा ग्राह्य धरत नाहीत.

तुझ्या ऑफरमध्ये स्थलांतराचा खर्च कंपनी देणार असं लिहिलंयस. मग दोन वर्षांच्या आत सोडल्यास पैसे परत करा, असं कलम आहे का ते आज रात्रीच बघ. असेल तर दर महिन्याला रक्कम कमी होत जाते का, आणि कंपनीच्या चुकीमुळे तुला सोडावं लागलं तरी ते लागू होतं का, हे लेखी विचार. पगार आणि नाव झाकून ती पानं मला पाठवलीस तर मी वाचेन.