गिधाडं पिंजऱ्यात वाढवून सोडली की त्यांची संख्या परत वाढते का? संवर्धनवाले नक्की करतात तरी काय?

वाढते, पण नुसती सोडून नाही. प्रश्न बघून राहवलं नाही, कारण याच विषयावर माझं आणि माझ्या मेव्हण्याचं २००७ पासून वाजलेलं आहे.

मेव्हण्याचं गुरांच्या औषधांचं दुकान. आमचा बैल गुडघ्यात सुजला, लंगडायला लागला, तर त्यानेच डायक्लोफिनॅक या दुखणं-सूज थांबवणाऱ्या इंजेक्शनची ३० मिलीची बाटली काढून दिली. हे टोचलेलं जनावर मेल्यावर खाल्लं की गिधाडं मरतात, म्हणून गुरांच्या डायक्लोवर २००६ लाच बंदी आलेली, पण ही बाटली माणसांची, मग कोण विचारतंय. सुई मीच टोचली हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सगळं खापर त्याच्यावर फोडतोय असं वाटेल. तिसऱ्या दिवशी बैल गेला.

गावाबाहेर माळावर मेलेली गुरं टाकायची जागा आहे, तिथे ओढून नेला, आणि तिथे पोचल्यावर मला ते बंदीचं वाचलेलं आठवलं. समोरच्या आंब्यावर चार गिधाडं बसलेली. लहानपणी याच माळावर मी पन्नास-साठ मोजलीत, नुसता कालवा, बघता बघता सांगाडा उरायचा. आता चार. मी म्हटलं बैल पुरायचा, तर सगळे हसले. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, एका इंजेक्शनाने गिधाडं संपतात होय? ती मोबाइलच्या टॉवरने गेली."

जांभ्यात बैलाएवढा खड्डा म्हणजे काय ते खणणाऱ्यालाच कळतं. पहारीच्या ठिणग्या उडतायत आणि माती निघतेय घमेलंभर. मी आणि एक शेजारी खणत होतो आणि माझा मुलगा अंधार पडेपर्यंत दगड घेऊन उभा, गिधाड खाली उतरलं की भिरकाव. गिधाडं वाचवायला गिधाडांनाच दगड! रात्री बॅटरीच्या उजेडात बैल आत लोटला तर ताठरलेले पाय वर राहिले, मग परत खणायला घेतलं. मेव्हणा तोवर घरी जाऊन जेवून झोपलेला.

त्याच्या "एका इंजेक्शनाने" चं उत्तर मला नंतर सापडलं. शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये हिशोब मांडला होता की १३० ते ७६० मेलेल्या गुरांमागे एकात जरी मारक डायक्लो असलं तरी एवढी घसरण व्हायला ते पुरतं. कारण एका जनावरावर डझनांनी गिधाडं बसतात, औषधाने त्यांचे मूत्रपिंड बंद पडतात आणि आतल्या अवयवांवर चुना फासल्यासारखं युरिक अ‍ॅसिड साठतं. वर मादी वर्षाला अंडं घालते एकच, म्हणजे गेलेली भरून येणार कधी? १९९२ ते २००७ मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के गेली. टॉवर म्हणे.

तर पिंजऱ्याचं. हरियाणात पिंजोरला बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) गिधाडं वाढवायचं मोठं केंद्र आहे. तिथे जोडीचं पहिलं अंडं काढून इन्क्युबेटरमध्ये उबवतात म्हणजे जोडी दुसरं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. जी सोडायची ती आधी सोडायच्या जागी मोठ्या जाळीत ठेवून तिथली सवय करतात आणि पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडतात. २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली ती तिथलीच. काम चिकाटीचं आहे, नावं ठेवत नाही. पण बाहेर विष तसंच असेल तर ही नुसती महागडी हौस, असं माझं स्पष्ट मत आहे. गिधाड सहज शेकडो किलोमीटर भटकतं, म्हणून तर वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा टापू औषधमुक्त करायला बघतात. म्हणजे खरं संवर्धन चालतं औषधाच्या दुकानात. २०१५ ला माणसांच्या डायक्लोची बाटली ३ मिलीवर आणली (एका बैलाला किती फोडणार?), २०२३ ला गुरांसाठी किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक ही तसलीच दुखण्यावरची औषधं बंद केली, गाईच्या पोटात गेलं की या अ‍ॅसिक्लोचं डायक्लोच होतं. नेपाळात डायक्लो जवळपास हटल्यावर तिथली घसरण थांबली आणि आकडे हळूहळू वर यायला लागले.

मेव्हण्यासारख्यांचं म्हणणं असतं की शेतकऱ्याला स्वस्तातलं दुखणं थांबवणारं औषध नको का. हवंच. मेलॉक्सिकॅम आहे, गिधाडांना बाधत नाही, ते मागा. बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा, दुकानदार "तेच आहे हो" म्हणाला तरी वाचा.

एक राहिलं, माझं वाचून सरसकट सगळी गुरं पुरायला लागू नका. औषध न टोचलेलं जनावर उघड्यावर टाकलं तरच गिधाडांना खायला मिळतं, नाहीतर उपाशी मरतील. औषध दिलेलं किंवा साथीच्या रोगाने गेलेलं असेल तर मात्र पुराच. आणि विजेच्या तारांना चिकटून, कुत्र्यांसाठी ठेवलेलं विष खाऊनही गिधाडं मरतात, सगळंच डायक्लोच्या माथी मारू नये, हे मेव्हण्याचं म्हणणं तेवढं बरोबर आहे.

त्याच्या दुकानात आता मेलॉक्सिकॅम असतं. का ठेवतो विचारलं तर म्हणतो मार्जिन बरं आहे. १३० ते ७६० चा तो हिशोब मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर अजून नाही.